छाव्यांना दूध पाजायला आफ्रिकेत जाऊ का?

"ताई, मी २६ वर्षांची. मूळची संगमनेरची, नोकरी पुण्यात, आयटीत. नोकरी बदलतेय आणि मध्ये सहा आठवडे मोकळे मिळतायत. दक्षिण आफ्रिकेतल्या एका 'सिंह अभयारण्या'त चार आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलंय. आई नसलेल्या छाव्यांना बाटलीने दूध पाजायचं, त्यांना फिरवायचं, रात्री त्यांच्यापाशी झोपायचं. मोठे झाले की त्यांना जंगलात सोडतात असं वेबसाइटवर लिहिलंय. गावातल्या लोकांना रोजगार मिळतो असंही लिहिलंय. फी एक लाख नव्वद हजार, विमानाचं तिकीट वेगळं. पंधरा हजार आगाऊ भरलेत, बाकीचे महिनाअखेर भरायचेत. बाबा म्हणतात, 'पैसे देऊन राबायला जायचं, हा कुठला शहाणपणा?' आई म्हणते, लग्नाआधी काय ते फिरून घे. मला लहानपणापासून प्राण्यांसाठी काहीतरी करायचंय. जाऊ ना?"
– स., पुणे

स.,

तिथे जाऊ नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण महिनाअखेर पैसे भरायचेत म्हणून हे आधी सांगून टाकते.

त्या जागेचं नाव तू लिहिलं नाहीस आणि मला ते नकोही आहे. तू कामाचं जे वर्णन केलंस तेवढं पुरेसं आहे. एका गोष्टीचा विचार कर. बारा महिने, प्रत्येक तुकडीच्या हातात देता येतील इतके अनाथ छावे एका जागी येतात कुठून? जंगलातली सिंहीण आपली पिल्लं दीड-दोन वर्षं जवळ बाळगते आणि तोवर सहसा पुन्हा वीत नाही. छावे काही दिवसांचे असतानाच काढून घेतले की ती लवकर पुन्हा माजावर येते. गोठ्यातलं हे गणित संगमनेरच्या मुलीला मी समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे दूध सिंहिणीचं विकत नाहीत, छाव्याला दूध पाजण्याची संधी विकतात. ती तुझ्यासारखीला एक लाख नव्वद हजाराला पडते.

पुढचं ऐकायला बरं वाटणार नाही. छावा चार-सहा महिन्यांचा झाला की अंगाखांद्यावर घ्यायला जड होतो, मग त्याला 'सिंहांसोबत चाला' या कार्यक्रमात घालतात. तिथूनही मोठा झाला की कुंपणाच्या आत, पळायला वाव नसलेल्या जागी, पैसे भरून आलेल्या शिकाऱ्यासमोर उभा करतात. हाडं आग्नेय आशियातल्या बाजारात जातात. प्रत्येक छाव्याचा शेवट असाच होतो असं मी म्हणत नाही, पण दक्षिण आफ्रिकेत हा रीतसर उभा राहिलेला धंदा आहे आणि पिंजऱ्यात वाढवलेले सिंह तिथे जंगलातल्या सिंहांपेक्षा संख्येने जास्त आहेत. २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने या व्यवसायातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडायचं धोरण मान्य केलं. म्हणजे हे आता सरकारही कबूल करतं. पण धोरण मान्य झालं म्हणून कुंपणं एका रात्रीत निघत नाहीत, आणि जाहिराती तर अजिबातच निघत नाहीत.

'मोठे झाले की जंगलात सोडतात' हे वाक्य मात्र मला सगळ्यात खटकलं. माणसाच्या हातून दूध प्यायलेला, माणसाच्या कुशीत झोपलेला सिंह जंगलात सोडायचा म्हणजे काय? त्याला माणसाची भीती उरलेली नसते, शिकार करायला आईने शिकवलेलं नसतं, आणि जंगलात आधीपासून असलेला कळप त्याला उभाही करत नाही. त्याला जवळच्या गोठ्यात सोपं खाद्य दिसतं, आणि मग त्याचं काय होतं हे तुमच्या भागात कुणालाही विचार.

खरं तर पिल्लांचं काय करावं हे तुझ्या घरापासून दोन डोंगर पलीकडे बघायला मिळतं. जुन्नरच्या उसात तोडणीच्या वेळी बिबट्याची बछडी सापडतात. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले लोक ती तपासतात आणि अंधार पडला की त्याच शेतात, बहुधा एखाद्या क्रेटमध्ये, ठेवतात. कॅमेरा लावून लांब थांबतात. मादी येते, एकेक तोंडात धरून घेऊन जाते. अख्ख्या कामात कुणी बछड्याला कुशीत घेऊन फोटो काढत बसत नाही, आणि बाहेरून कुणाला पैसे घेऊन बोलावत नाहीत. पिल्लाला माणसाचा हात जितका कमी लागेल तितकं बरं, हे तिथल्या ऊसतोडणी कामगारालाही आता माहीत झालंय. तेव्हा परदेशातली कुठलीही जागा निवडताना एवढं धर: जिथे रानटी प्राण्याला हात लावायला, आंघोळ घालायला, त्याच्यावर बसायला किंवा त्याच्यासोबत चालायला मिळतं, ती जागा तुझ्या यादीतून गेली. थायलंडचे हत्ती असोत की आफ्रिकेचे चित्ते.

आता बाबांचं. त्यांच्यावर रागावू नकोस, प्रश्न त्यांनी बरोबर विचारलाय. तू चार आठवडे जाऊन तिथे काय करू शकशील? भाषा येत नाही, माग काढता येत नाही, गाडी दुरुस्त करता येत नाही. तुझ्या मजुरीची किंमत फार नाही, हे कडू आहे पण खरं आहे. तुझ्याकडे तिथल्या लोकांना खरोखर उपयोगी पडेल असं जे आहे, ते म्हणजे तुझी फी. म्हणून 'मी काय काम करणार' यापेक्षा 'माझे पैसे कुणाच्या हातात जाणार आणि त्याचा हिशेब कोण विचारणार' हा प्रश्न मोठा. राबणं त्यानंतर.

हे नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक देश घेते: नामिबिया. कुनोला सप्टेंबर २०२२ मध्ये पहिले आठ चित्ते जिथून आले तोच. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा मुलूख आणि वस्ती तीस लाखांच्या आसपास. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वायव्य भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार यांनी गेंडे, हत्ती संपायला आले होते. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या माणसाने बंदुका घेतलेले सरकारी रक्षक मागवले नाहीत. तो गावप्रमुखांकडे गेला आणि म्हणाला, तुमच्यातलीच माणसं राखणदार म्हणून तुम्ही नेमा. त्या राखणदारांना सुरुवातीला पगाराऐवजी शिधाच जास्त मिळायचा. पण ते गावप्रमुखाला उत्तर देत, बाहेरच्या साहेबाला नाही. शिकार खरंच उतरली. पुढे १९९३ मध्ये त्याला आणि त्याची सहकारी मार्गारेट जेकबसन हिला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

दरम्यान १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९९६ मध्ये कायदा झाला. त्याआधी आपल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांपासून कमाई करायचा हक्क गोऱ्या जमीनमालकांना होता, सामाईक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांना नव्हता. नव्या कायद्याने गावांनी एकत्र येऊन हद्द ठरवली, सभासदांची यादी केली, समिती निवडली आणि घटना लिहिली की तो हक्क त्यांना मिळू लागला. अशा संस्थेला तिथे 'कॉन्झर्व्हन्सी' म्हणतात. पहिल्या चार १९९८ मध्ये झाल्या, आज ८६ आहेत आणि देशाची पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याखाली आहे. पर्यटकांचा लॉज उभा राहतो तो समितीशी करार करून. लॉजवाला ठरलेला हिस्सा कॉन्झर्व्हन्सीला देतो, गावातली माणसं कामाला घेतो, आणि वर्षाच्या सभेत त्या पैशाचं काय करायचं यावर सभासद भांडतात. हो, भांडतात. आपल्याकडच्या दूध सोसायटीची वार्षिक सभा तू पाहिली असशीलच. पैसे समितीने खाल्ले असे आरोपही तिथे होतात. मला ते चांगलं लक्षण वाटतं. ज्या जागेच्या माहितीपत्रकात गावातलं एकही भांडण दिसत नाही, तिथे गावाच्या हाती भांडण्यासारखं काही नसतं.

आणखी एक मला फार आवडलेली गोष्ट. तिथले राखणदार कुठला प्राणी दिसला, कुणाची गाय गेली, कुठे फास सापडला हे सगळं आपल्या वहीत टिपतात आणि वर्षाअखेर त्याचे तक्ते स्वतः भरतात. माहिती गावातच राहते. बाहेरचा अभ्यासक आला, आकडे गोळा करून गेला, पुन्हा तोंड दाखवलं नाही, असं तिथे होत नाही.

यात तुझ्यासारखीला जागा कुठे? उगाब नदीच्या खोऱ्यात, ब्रांडबर्ग डोंगराच्या आजूबाजूला वाळवंटी मुलखात राहणारे हत्ती आहेत. नदी वर्षातले बहुतेक दिवस कोरडी. हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं आणि शेतकऱ्याच्या बोअरवर ते आयतं मिळतं. हत्ती येतो, टाकी उलथवतो, पाइप उपसतो, पवनचक्की वाकवतो. शेतकऱ्याची गुरं तहानलेली राहतात आणि हत्तींना मारा अशी मागणी सुरू होते. उपाय साधा आहे: टाकी आणि पंपाभोवती जाड दगडी भिंत, आणि हत्तीला पिता येईल असा वेगळा हौद. एलिफंट ह्यूमन रिलेशन्स एड, म्हणजे 'एहरा', ही संस्था तिथे स्वयंसेवक घेते ते याच कामासाठी. एक आठवडा भिंत बांधायची, एक आठवडा जाणत्या माणसांसोबत हत्तींचा माग काढून नोंदी करायच्या. दगड वेचायचे, सिमेंट कालवायचं, घमेली उचलायची. हत्ती दिसतो, पण गाडीतून आणि लांबून. तुझ्या फीतून सिमेंट, वाळू आणि वाहतूक निघते, आणि तू गेल्यावर भिंत तिथेच राहते. बाबांना हे सांग. राबायला जायचं असेल तर हे राबणं त्यांनाही पटेल, निदान गवंडीकाम म्हणजे काय हे त्यांना कळतं.

कष्टाचं मी गोड करून सांगत नाही. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो, दिवसा ऊन आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. कँपवर चुलीवरचं जेवण, स्वयंपाकाची आळीपाळी, आंघोळीचं पाणी मोजून. शाकाहारी असशील तर अर्जातच लिही, आणि जाताना मेतकूट, चटण्या ने. पाच दिवस बटाटा-कोबी-मक्याचं पीठ खाल्ल्यावर त्याची किंमत कळते.

आणि एक गोष्ट लपवून ठेवणार नाही, नाहीतर तू तिथे गेल्यावर मलाच शिव्या देशील. नामिबियातल्या बऱ्याच कॉन्झर्व्हन्सींचं उत्पन्न पर्यटनाइतकंच परवान्याच्या शिकारीतूनही येतं. परदेशी शिकारी कोटा ठरवून दिलेला प्राणी मारतो, पैसे संस्थेला, मांस गावात. ही शिकार कुंपणातल्या सिंहाच्या शिकारीसारखी नाही. प्राणी मोकळा असतो आणि किती मारायचे हे आधी ठरतं. तरी अनेकांना ते सहन होत नाही, आणि तुला झालं नाही तर मी तुला चूक म्हणणार नाही. पण तिथल्या शेतकऱ्याला विचारलंस तर तो म्हणेल, हत्तीने माझी टाकी फोडली तेव्हा तुम्ही कुठे होता? असंच मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात ओस्तिओनाल नावाचं गाव आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं लाटेसारखी एकदम हजारोंनी किनाऱ्यावर येतात. पहिल्या रात्रीची अंडी नंतर येणारी कासवंच उकरून टाकतात, म्हणून त्या पहिल्या वेळात ठरावीक अंडी गोळा करून विकायची परवानगी गावाला १९८०च्या दशकापासून कायद्याने आहे. बदल्यात गाव किनारा साफ ठेवतं, चोरांपासून राखतं, पिल्लं समुद्राला मिळेपर्यंत गिधाडांना, कुत्र्यांना हाकलतं. अंडी विकणारं गावच कासवं राखतं, हे पचवायला वेळ लागतो. गावाच्या हाती कारभार द्यायचा म्हणजे गावाने आपल्या मनासारखंच वागावं असं नव्हे. हे ज्याला झेपत नाही त्याने सरळ राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट काढून सफारी करावी. त्यात कमीपणा काही नाही.

कुठल्याही संस्थेला पैसे भरण्याआधी मेल लिही. माझ्या फीतले किती पैसे गावात राहतात आणि ते कुणाच्या खात्यात जातात? राहायची जागा कुणाच्या मालकीची? स्वयंसेवक आले नाहीत त्या महिन्यात हे काम कोण करतं? शेवटचा प्रश्न विसरू नकोस. 'गावातलेच लोक करतात, पण सावकाश' असं उत्तर आलं तर बरं. 'तुम्ही आला नाहीत तर प्राणी उपाशी मरतील' असं आलं तर लांब राहा. 'काम बंद असतं' असं आलं तर ते काम तुमच्यासाठीच काढलेलं आहे. आणि ज्या कामाचे गावातल्या कुणाला तरी पैसे मिळाले असते ते तू फुकट, वर पैसे देऊन करतेयस का, हेही तपास. गाइडचं, स्वयंपाकाचं, शाळेत शिकवायचं काम यात हमखास येतं.

पैशांचा विचार केलास तर मी तुला दुसरंच सुचवेन. नेपाळला जा, आणि स्वयंसेवक म्हणून नको, पाहुणी म्हणून जा. बर्दिया राष्ट्रीय उद्यानाजवळ डल्ला नावाचं थारू लोकांचं गाव आहे, तिथे घराघरांत होमस्टे आहेत. गाव 'खाता' नावाच्या जंगलपट्ट्यात येतं. आपल्या उत्तर प्रदेशातल्या कतर्नियाघाट अभयारण्यातून बर्दियात वाघ, हत्ती, गेंडे ये-जा करतात ती हीच वाट, आणि तिथलं सामुदायिक वन गावकऱ्यांनी राखलेलं आहे. नेपाळात राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के हिस्सा भोवतालच्या वस्त्यांवर खर्च करायचा नियमच आहे. २००९ मध्ये देशात १२१ वाघ होते, २०२२ मध्ये ३५५ मोजले गेले. बर्दियात वाघ वाढले तशी माणसंही मारली गेली, तेव्हा तिथलं प्रेम आंधळं नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही. लखनौहून रूपैडिहाच्या सीमेवरून नेपालगंज गाठलं की पुढचा रस्ता सोपा. दहा दिवस राहा, गावातलाच गाइड घे, ठरलेले पैसे घासाघीस न करता दे. तुझ्या एक लाख नव्वद हजारांतले निम्म्याहून जास्त वाचतील आणि जे खर्च होतील ते गावात होतील. प्राण्यांसाठी काही केल्यासारखं वाटणार नाही कदाचित. पण घमेलं उचलण्यापेक्षा हे कमी उपयोगाचं आहे असं मला वाटत नाही.

आणि त्याच्याही आधी एक शनिवार-रविवार कोकणातल्या वेळासला काढ, फेब्रुवारी ते एप्रिलच्या मधला. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी मिळून तिथे कासवांची घरटी राखली. पूर्वी अंडी खायला जायची, आता त्याच गावात पाहुणे घरांतून राहतात, केळीच्या पानावर जेवतात आणि पहाटे पिल्लं समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडे उभे राहतात. कधीकधी एकही पिल्लू बाहेर येत नाही. तेव्हा 'एवढ्या लांबून आलो, काहीतरी दाखवा' म्हणणाऱ्यांत तू असतेस की गप्प बसणाऱ्यांत, ते बघ. पहिल्यांत असलीस तर नामिबियाचे पैसे वाचव.

नामिबियाचं ठरलंच तर दोन-तीन गोष्टी. बिनपगारी कामालाही बरेच देश कामच समजतात, तेव्हा पर्यटक व्हिसा चालतो का हे संस्थेवर विसंबून न राहता दूतावासाला लेखी विचार. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर पिवळ्या तापाची लस लागू शकते, तेही आधी विचारून घे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही. रेबीजच्या आगाऊ लशीबद्दल डॉक्टरांशी बोल. विम्यात दुर्गम भागातून उचलून आणायचा खर्च आहे का ते वाच. काळा गेंडा दिसला तर फोटो खुशाल काढ, पण फोनमधलं लोकेशन बंद ठेव आणि जागेचं नाव इन्स्टावर टाकू नकोस. कुनेने भागात गेंडे उद्यानाबाहेर मोकळे फिरतात आणि चोरही इन्स्टा बघतात.

घरी बसून काही करायचं असेल तर झूनिव्हर्स या वेबसाइटवर 'स्नॅपशॉट सेरेंगेटी'सारखे प्रकल्प असतात, कॅमेऱ्यात आलेले प्राणी ओळखून नोंदवायचे. फुकट आहे, रात्री जेवणानंतर तासभर करता येतं, आणि तुला हे कितपत मनापासून आवडतं ते पंधरा दिवसांत कळेल. आईच्या 'लग्नाआधी फिरून घे'बद्दल मी काही बोलत नाही, लग्नानंतरही विमानं उडतात.

राहिले ते पंधरा हजार. आजच मेल कर आणि परत माग. कारण म्हणून एवढंच लिही: आजवर सोडलेल्या सिंहांची यादी द्या, कुठल्या जंगलात, कुठल्या वर्षी, आणि त्यातले आज किती जिवंत आहेत. कार्डाने भरले असतील तर बँकेकडेही तक्रार टाक, मुदत उलटायच्या आत. पैसे नाही आले तर नाही आले. एक लाख पंच्याहत्तर हजार वाचले म्हण, आणि बाबांना सांगताना आकडा हाच सांग.